बाळाच्या हृदयात शिरून पाहायचं, पण चाकू न लावता

२०२२च्या ऑगस्टमध्ये जगभरच्या बातम्यांत एक मथळा फिरत होता: डोक्याला डोकं जोडलेल्या जुळ्या भावांना व्हर्च्युअल रिॲलिटीनं वेगळं केलं. मुलं ब्राझीलची, वय चारच्या आतलं. रिओ दि जानेरोमध्ये त्यांच्यावर टप्प्याटप्प्यानं ७ शस्त्रक्रिया झाल्या. शेवटची एकटीच २७ तासांहून जास्त चालली, आणि सगळं मिळून जवळजवळ १०० माणसं त्यात राबली.

मथळा वाचणाऱ्याला वाटावं, कुणीतरी डोळ्यांवर जाड चष्मा चढवला आणि मुलं सुटी झाली. मुलं सुटी केली ती माणसांच्या हातांनी, तासन्‌तास उभं राहून. चष्म्याचं काम त्याआधी काही महिने चाललं होतं. लंडनमधले मेंदूचे सर्जन नूर उल ओवेस जिलानी आणि रिओमधले त्यांचे सहकारी आपापल्या शहरातून एकाच आभासी खोलीत जमले. मुलांच्या स्कॅनवरून उभी केलेली चित्रं मधोमध ठेवली आणि कुठून कापलं तर काय होईल हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं. आधी झालेल्या शस्त्रक्रियांचे व्रण आत चिकटून बसले होते, त्यामुळे प्रत्यक्षात चुकायला फारशी जागा नव्हती. आभासी खोलीत मात्र हवं तेवढं चुकता येत होतं.

ही बातमी वाचल्यावर अनेकांना पडलेला प्रश्न साधा आहे: खेळ खेळायचा हेडसेट, म्हणजे तो जाड चष्मा, जन्मजात दोष असलेल्या बाळाच्या उपचारात नेमका कुठं बसतो? माझं उत्तर लेखाच्या सुरुवातीलाच देऊन टाकतो. एरवी एकाच डॉक्टरच्या डोक्यात बंद राहणारं चित्र या यंत्रामुळे बाहेर येतं, आणि इतरांना त्यात फिरून ‘इथं तुमचं चुकतंय’ असं म्हणता येतं. बाकीचे बहुतेक फायदे यातूनच निघतात, आणि धोकेही.

आधी दोन शब्द

जन्मजात दोष म्हणजे पोटात असताना बाळाच्या शरीराच्या घडणीत राहून गेलेला फरक. दुभंगलेला ओठ किंवा टाळू, मुरडलेलं पाऊल, पाठीच्या कण्याचा न मिटलेला भाग, वेळेआधी सांधली गेलेली कवटीची हाडं, हृदयातली छिद्रं आणि चुकलेल्या जोडण्या, हे सगळं त्यात येतं. हृदयाचे दोष सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी: जन्मणाऱ्या साधारण १०० बाळांमागे एकाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जन्मजात विकारांमुळे दरवर्षी सुमारे २,४०,००० बाळं पहिल्या २८ दिवसांतच दगावतात.

व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी वास्तव, यात मुळात दोनच गोष्टी आहेत. पहिली, दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवायची. आपले डोळे एकमेकांपासून काही सेंटिमीटर दूर आहेत, म्हणून प्रत्येकाला जग जरा निराळ्या बाजूनं दिसतं, आणि मेंदू त्या फरकावरून खोली ताडतो. ही गोष्ट चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली आरशांच्या साध्या उपकरणानं दाखवून दिली होती. दुसरी गोष्ट, डोकं वळलं की चित्रही वळलं पाहिजे. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली तसा हेडसेट केला तेव्हा तो इतका जड होता की छताला टांगावा लागला. आजचे हेडसेट हलके आहेत, पण अट तीच. डोकं हलवल्यावर चित्र पोचायला सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून जास्त उशीर होऊ लागला की मेंदूला खोटेपणा कळतो आणि पोट ढवळायला लागतं.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. संगणकाच्या पडद्यावर फिरवता येणाऱ्या हृदयाच्या चित्राला आपण ‘थ्रीडी’ म्हणतो. ते असतं सपाटच. फिरवून फिरवून आपण त्याच्या खोलीचा अंदाज बांधतो, इतकंच. हेडसेटमध्ये तो अंदाज बांधावा लागत नाही.

आणि हेही सांगून टाकतो की बऱ्याच दोषांना या सगळ्याची गरजच नाही. मुरडलेलं पाऊल आठवड्या-आठवड्याला प्लास्टर बदलत सरळ करतात, त्याला हेडसेट काय करायचा? हेडसेट कामाला येतो तो गुंता भूमितीचा असेल तिथं. तसा गुंता सगळ्यांत जास्त हृदयात असतो, म्हणून पुढचा बराचसा लेख हृदयाभोवतीच फिरणार आहे.

हृदयात एवढा गुंता येतो कुठून

गर्भातलं हृदय सुरुवातीला एक सरळ नळी असतं. गर्भधारणेनंतर साधारण तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ती धडधडू लागते, आणि धडधडत असतानाच वाकते, स्वतःवर दुमडते, आत पडदे उभे राहतात, झडपा फुटतात. आठव्या आठवड्यापर्यंत चार कप्पे तयार. चालू पंप बंद न करता त्याचाच दुसरा पंप बनवायचा, असला हा उद्योग आहे.

त्यातला सर्वांत नाजूक भाग बाहेर जाणाऱ्या वाहिनीचा. सुरुवातीला ती एकच असते. तिच्यात एक पडदा तयार होतो, तोही सरळ नाही, गोल जिन्यासारखा पीळ घेत. त्यामुळे एकाच वाहिनीच्या दोन होतात आणि एकमेकींना वेटोळं घालून निघतात: एक शरीराकडे जाणारी महाधमनी, दुसरी फुप्फुसांकडे जाणारी. पडद्यानं पीळच घेतला नाही, तर दोन्ही वाहिन्या चुकीच्या कप्प्यांना जोडल्या जातात. पडदा एका बाजूला सरकला, तर फुप्फुसांची वाट अरुंद होते, खाली छिद्र राहतं, महाधमनी त्या छिद्रावर स्वार होते, आणि जोर लावून लावून उजवा कप्पा जाड होतो. या चार खुणांचं एकत्र वर्णन फ्रेंच डॉक्टर एतियेन-लुई आर्थर फालो यांनी १८८८ साली केलं आणि त्यांचं नाव त्या दोषाला चिकटलं. खुणा चार, मूळ चूक एक.

म्हणून ‘हृदयाला छिद्र आहे’ हे वाक्य अपुरं आहे. छिद्र कुठं, कशाच्या शेजारी, त्यातून पाहिलं तर समोर काय दिसतं, यावर उपचार ठरतो. आणि हे सगळं बाळाच्या स्वतःच्या मुठीएवढ्या, जेमतेम २० ग्रॅम वजनाच्या अवयवात.

पानं आहेत, घर नाही

सीटी स्कॅन किंवा एमआरआय शरीराचे पातळ थर दाखवतो. कल्पना करा, एखादं घर वरपासून खालपर्यंत आडवं कापून शेकडो पानं केली आहेत. प्रत्येक पानावर भिंती म्हणजे रेघा आणि खोल्या म्हणजे मोकळी जागा. ही चळत हातात देऊन कुणी विचारलं, ‘मागच्या खोलीतलं कपाट जिन्यानं वर जाईल का?’ उत्तर त्या पानांतच आहे, पण ते काढायला तुम्हाला अख्खं घर मनात उभं करावं लागेल.

बालहृदयाचे सर्जन वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत, आणि कमालीचं करतात. अडचण अशी की मनात उभं केलेलं घर दुसऱ्याला दाखवता येत नाही. शस्त्रक्रियेआधीच्या बैठकीत इको (ध्वनिलहरींनी हृदय पाहायची तपासणी) करणाऱ्याच्या मनातलं हृदय वेगळं, स्कॅन वाचणाऱ्याचं वेगळं, सर्जनचं आणखी वेगळं, आणि बाळ एकच. तिघंही तेच शब्द वापरतात, ‘जरा वर’, ‘किंचित मागे’, आणि तिघांचा ‘जरा’ सारखा आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो.

पानांचं घर करायची रीत अशी. स्कॅनमधला प्रत्येक ठिपका खरं तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा छोटा घन असतो. शिरेतून दिलेल्या औषधामुळे रक्त सीटीत उजळ दिसतं. मग एक माणूस, हल्ली संगणकाच्या मदतीनं, हे रक्त, हा स्नायू, हे हाड असं वेगवेगळं रंगवत जातो. जे रंगवलं त्याचा आकार हेडसेटमध्ये जातो. एक बारकावा लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल: सीटीत नीट दिसतं ते रक्त. भिंतीची आतली बाजू आपण ‘रक्त जिथं संपलं तिथं’ अशी ठरवतो.

आत शिरल्यावर

हेडसेट घातला की अंधाऱ्या मोकळ्या जागेत बाळाचं हृदय तरंगताना दिसतं. दोन्ही हातांत एकेक दांडी असते. दोन्ही हात लांब केले की हृदय मोठं होतं, आधी टेबलाएवढं, मग खोलीएवढं. एका दांडीला न दिसणारं पातं लावलंय असं समजा. ते धरून हात फिरवला की हृदयाचा पुढचा भाग विरघळतो आणि आतली पोकळी उघडी पडते. एक पाऊल पुढं टाकलं की तुम्ही कप्प्यात उभे असता. इथं नवख्या माणसाचा हात हमखास भिंतीला टेकायला जातो, आणि भिंत नसते. (म्हणून शेजारी कुणीतरी उभं राहिलेलं बरं.)

आता एक खरा पेच घेऊ. काही बाळांत दोन्ही मोठ्या वाहिन्या उजव्याच कप्प्यातून निघतात. शुद्ध रक्त येतं डाव्या कप्प्यात, आणि त्याला बाहेर पडायला स्वतःचा दरवाजाच नसतो. मधल्या भिंतीत छिद्र असतं, त्यातून ते उजवीकडे जातं आणि अशुद्ध रक्तात मिसळतं. सर्जनला हवा असतो बोगदा: छिद्रापासून महाधमनीच्या तोंडापर्यंत, उजव्या कप्प्याच्या आतून, तुकडा शिवून केलेला. तो जमला तर दोन्ही कप्पे आपापलं काम करू लागतात. नाही जमला तर दुसरा रस्ता असतो. त्यात एकच कप्पा पंप म्हणून ठेवायचा आणि शरीरातून परतणारं रक्त पंपाशिवाय थेट फुप्फुसांत सोडायचं. फ्रान्सिस फोंताँ यांनी १९७१ साली मांडलेल्या शस्त्रक्रियेवर हा रस्ता उभा आहे, आणि त्यानं असंख्य मुलं जगली आहेत. पण अर्ध्या हृदयावर काढलेलं आयुष्य आणि दोन पंपांवर काढलेलं आयुष्य सारखं नसतं.

म्हणजे त्या बाळाचं पुढचं सगळं आयुष्य एका प्रश्नावर येऊन थांबतं: बोगद्याला जागा आहे का? छिद्र महाधमनीच्या किती जवळ आहे, वाटेत काही आडवं येतंय का, बोगदा घातल्यावर फुप्फुसांची वाट दबेल का? पानं चाळून याचं उत्तर देता येतं. पण छिद्राच्या काठावर उभं राहून वर पाहिलं आणि महाधमनीचं तोंड समोर दिसलं, तर ते तुमच्याबरोबर आत असलेल्या पाचही जणांना दिसतं.

यापलीकडची एक गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि बातम्यांत ती क्वचित येते. शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनला खरं हृदय दिसतं ते थांबवलेलं आणि रिकामं. रक्त बाजूच्या यंत्रातून फिरत असतं, हृदय सैल पडलेलं असतं, आणि एका छोट्या चिरेतून आत पाहायचं असतं. हवा गेलेल्या फुग्यात डोकावून, तो फुगल्यावर त्यातल्या दोन खुणा किती दूर जातील हे ठरवण्यासारखं. शिवलेला तुकडा बसणार मात्र भरलेल्या, धडधडणाऱ्या हृदयात. भरलेलं हृदय आतून निवांतपणे पाहायची संधी असते ती आदल्या दिवशीच, स्कॅनमध्ये. हेडसेट त्या संधीचं सोनं करतो.

जन्माआधीचं काम

पोटातल्या बाळाचं एमआरआय आणि सोनोग्राफी जोडून आभासी बाळ उभं करण्याचं काम ब्राझीलमधले हेरॉन वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडलं होतं. त्यात पाहण्याची हौस असेल असं वाटेल, पण कण्याच्या दोषाचा विचार करा. उघडा राहिलेला कणा गर्भातच मिटवण्याची शस्त्रक्रिया २६व्या आठवड्याच्या आत करतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत, डोक्यात साठणारं पाणी काढायला नळी बसवावी लागली अशा मुलांचं प्रमाण जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत ८२ टक्के होतं, गर्भात झालेल्यांत ४० टक्के. फायदा मोठा, पण रुग्ण एकाच वेळी दोन, आई आणि बाळ, आणि मुदत काही आठवड्यांची. अशा ठिकाणी आधी तालीम करून घेणं म्हणजे चैन नव्हे.

स्टुलावर उभा असलेला माणूस

आता शिकण्याकडे येऊ, आणि त्यासाठी १९४४ सालात जाऊ. २९ नोव्हेंबर, बाल्टिमोर, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय. पंधरा महिन्यांची एक मुलगी, फालोच्याच दोषानं निळी पडलेली. सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक तिच्या फुप्फुसांकडे रक्ताची नवी वाट जोडत होते. कल्पना बालहृदयतज्ज्ञ हेलन टॉसिग यांची. ब्लॅलॉक यांच्या मागे एका स्टुलावर व्हिव्हियन थॉमस उभे होते आणि खांद्यावरून पाहत, टाका कसा घ्यायचा, किती जवळ घ्यायचा हे सांगत होते. थॉमस डॉक्टर नव्हते. ते प्रयोगशाळेतले कृष्णवर्णीय सहायक होते. पण कुत्र्यांवर ही जोडणी वारंवार केलेले हात त्यांचे होते. ज्ञान त्या हातांत होतं, आणि ते पोचवायला स्टूल लागलं.

शिकवण्यातली मूळ अडचण तेव्हापासून तीच आहे. एखादा दुर्मीळ दोष शिकाऊ डॉक्टरला सगळ्या प्रशिक्षणात दोन-चारदाच दिसतो, तेही दुसऱ्याच्या खांद्यावरून. पूर्वी यावर उपाय होता जतन केलेल्या हृदयांचा. कॅनडातल्या मॉड ॲबट यांनी १९३६ साली अशा १००० रुग्णांवर आधारलेला नकाशासंग्रह काढला, आणि कित्येक पिढ्या बरण्यांमधली हृदयं हातात घेऊन शिकल्या. पुढं उपचार सुधारले, मुलं जगू लागली, आणि बरणीत येणारी हृदयं कमी झाली. चांगलंच झालं. पण शिकायचं साहित्य आटलं. शिवाय बरणीतलं हृदय कडक झालेलं आणि आधीच कुणीतरी कापलेलं असतं. दुसऱ्या बाजूनं कापून पाहता येत नाही.

आभासी हृदय हजारदा कापा, पुन्हा अखंड. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या बालरुग्णालयानं २०१७ साली असा संच पुढं आणला. त्यात नेहमी आढळणारे हृदयदोष एकेक करून आतून पाहता येतात, रक्त कुठून कुठं वाहतंय ते दिसतं, आणि दुरुस्तीनंतर प्रवाह कसा बदलतो तेही. माझ्या मते याचा खरा लाभ सर्जनपेक्षा इतरांना जास्त. सर्जन शेवटी हृदय उघडून पाहतोच. भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभागातल्या परिचारिका, रात्रपाळीचा शिकाऊ डॉक्टर यांना ते कधीच आतून दिसत नाही. पण ‘या बाळाला ऑक्सिजन जास्त दिला तर बिघडेल’ हे त्यांनाच, पहाटे तीन वाजता, कळायला हवं असतं. प्रवाह एकदा डोळ्यांनी पाहिला की तो नियम पाठ करावा लागत नाही.

आभासी सरावानं हात खरंच सुधारतो का? याचा गाजलेला पुरावा हृदयाचा नाही, पित्ताशयाचा आहे. येल विद्यापीठातल्या २००२ सालच्या प्रयोगात १६ शिकाऊ सर्जन घेतले. काहींना आभासी यंत्रावर सराव दिला, बाकीच्यांना नेहमीचं प्रशिक्षण. मग सगळ्यांनी दुर्बिणीतून खरी पित्ताशये काढली. तपासणाऱ्यांना कोण कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं. सराव केलेल्यांनी काम २९ टक्के लवकर संपवलं, आणि बाकीच्यांच्या चुका त्यांच्या सहापट निघाल्या. गंमत म्हणजे त्या यंत्रात हेडसेट नव्हता आणि पित्ताशयही नव्हतं. पडद्यावर साधे गोळे आणि आकार होते, हातात दोन दांड्या. उपयोग झाला तो सरावाचा, देखाव्याचा नाही. झगमगीत आभासी प्रशिक्षण विकत घ्यायला निघालेल्या प्रत्येकानं हा प्रयोग आधी वाचावा.

‘याच्याआधी डॉक्टरांना जमत नव्हतं का?’

जमत होतं, आणि बहुतेक वेळा अजूनही याच्याविना जमतं. साध्या छिद्राला टूडी इको पुरतो. अनुभवी सर्जन पानं पाहून जे सांगतो तेच हेडसेटमध्ये दिसतं, असं अनेकदा होतं. फरक पडतो तो अवघड टोकाच्या रुग्णांत. हे ऐकून वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या ओळखीच्या बाळाचे डॉक्टर हेडसेट वापरत नसतील तर बहुधा त्याला त्याची गरज नाही.

‘चित्रच चुकलं तर?’

हा सर्वांत गंभीर आक्षेप. मघाचा बारकावा आठवा: सीटीत दिसतं ते रक्त. हृदयाच्या झडपांच्या पाकळ्या कागदासारख्या पातळ, आणि त्यांना खालून धरून ठेवणारे दोर त्याहून बारीक. ते सीटीत धड उमटत नाहीत. आता बोगद्याचा प्रश्न पुन्हा पाहा. वाटेत आडवं येणारं काही असेल, तर ते बऱ्याचदा हेच दोर असतात. म्हणजे हेडसेटमध्ये वाट मोकळी दिसेल आणि खऱ्या हृदयात तिथं दोर ताणलेले असतील. ते दिसतात इकोमध्ये. जुनं साधन कपाटात टाकून देता येत नाही ते यासाठी.

शिवाय रंगवणाऱ्याचा हात. कडा गुळगुळीत करताना संगणक छोटं छिद्र बुजवू शकतो, पातळ भिंतीला नसलेलं भोक पाडू शकतो. बाळ हललं असेल, हृदय जोरात धावत असेल, तर स्कॅनच धूसर येतो आणि त्यावरचं आभासी हृदय मात्र काचेसारखं स्वच्छ दिसतं. खराब पानं पाहून डॉक्टर सावध होतो. सुंदर हृदय पाहून तो सैलावतो. म्हणून शहाणी माणसं मूळ स्कॅन शेजारीच उघडा ठेवतात आणि शंका आली की तिकडे वळतात.

‘हाताला काही लागतच नाही, मग सराव कसला?’

खरं आहे. आभासी ऊतीला टाका घालताना ओल्या कागदासारखी ती फाटेल की धरेल, हे दांडीला कळत नाही. कंपन देणारे हातमोजे वगैरे आहेत, पण नवजात बाळाच्या महाधमनीचा मऊपणा त्यांत नाही. टोरांटोच्या सिककिड्स रुग्णालयात म्हणूनच वेगळी वाट काढली: खऱ्या रुग्णांच्या स्कॅनवरून लवचीक पदार्थाची हृदयं त्रिमितीय छपाईनं बनवायची आणि सर्जननी त्यावर प्रत्यक्ष चिरा, टाके, ठिगळं मारायची. छापलेलं हृदय शिवता येतं, पण एकदा कापलं की संपलं, आणि छापायला वेळ जातो. आभासी हृदय लगेच मिळतं, पण शिवता येत नाही. वाट शोधायला एक, हात बसवायला दुसरं. दोघांत भांडण लावायचं कारण नाही.

‘पुरावा आहे का, की नुसती हवा?’

मधलंच काहीतरी. नव्या औषधाची चाचणी शेकडो सारख्या रुग्णांवर करता येते. इथं दोन रुग्ण सारखे नसतात, तेवढ्यासाठीच तर हेडसेट लागतो. मग अभ्यास बहुतेक छोटे, आणि त्यांत विचारलं जातं की ‘पाहिल्यावर तुमचा बेत बदलला का? खात्री वाढली का?’ खात्री वाढणं आणि बाळ जास्त बरं होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. चुकीची खात्रीही वाढू शकते. हेडसेटमुळे किती बाळं वाचली याचा ठोक आकडा कुणी सांगत असेल, तर मी तरी आधी तो आला कुठून हे विचारीन.

‘हे श्रीमंत रुग्णालयांचं खेळणं आहे’

२०१५ साली मायामीतल्या एका बालरुग्णालयात चार महिन्यांची मुलगी होती, एक फुप्फुस नसलेली आणि अर्धं हृदय न घडलेली. डॉक्टरांना तिचं हृदय छापून पाहायचं होतं आणि छपाई यंत्र नेमकं बिघडलेलं. तेव्हा तिचा स्कॅन एका मोबाईलवर टाकला, तो मोबाईल पुठ्ठ्याच्या घडीच्या चष्म्यात बसवला, आणि सर्जन रेडमंड बर्क यांनी त्यातून पाहून छेद कुठं द्यायचा ते ठरवलं. पुठ्ठा, दोन भिंगं आणि खिशातला मोबाईल.

म्हणजे चष्मा स्वस्त आहे. महाग आहे तो चांगला स्कॅनर, बाळाला स्थिर ठेवून नीट स्कॅन काढणारा माणूस, आणि तासभर बसून काळजीपूर्वक रंगवणारा माणूस. गंभीर जन्मजात विकार असलेल्या दहापैकी नऊ मुलं कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत जन्मतात, आणि तिथं मुळात ही माणसंच कमी आहेत. लंडन-रिओच्या बातमीतला मला सर्वांत आशादायक वाटलेला भाग म्हणूनच मुलं वेगळी होण्याच्याही आधीचा आहे: दोन शहरांतले सर्जन एका खोलीत उभे राहिले, आणि त्यासाठी आजारी मुलांना लंडनला न्यावं लागलं नाही.

आईवडिलांना दाखवावं का

बाळाच्या हृदयाचा दोष समजावायला डॉक्टर कागदावर चार चौकोन आणि बाण काढतात. बहुतेकांना त्यातलं काही कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. आभासी हृदयात बोट दाखवून सांगितलं तर कळतं. तरी सगळ्यांना आपल्याच बाळाच्या उघड्या हृदयात उभं राहायचं नसतं, आणि ते स्वाभाविक आहे. विचारून दाखवावं, आणि नको म्हटलं तर कागद आहेच. मोठ्या मुलांच्या बाबतीत हेडसेटचा आणखी एक साधा उपयोग होतो: सुई टोचताना किंवा जखमेची पट्टी बदलताना मुलाला दुसऱ्या जगात गुंतवून ठेवणं. भाजलेल्या रुग्णांवर हंटर हॉफमन यांनी हा प्रयोग केला. बर्फाच्या दरीत गोळे फेकण्यात रमलेल्या मेंदूला वेदनेकडे द्यायला लक्षच कमी उरतं.

तुमच्या घरातल्या बाळासाठी ‘आम्ही व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) वापरतो’ असं कुणी सांगितलं, तर तीन प्रश्न विचारा. हे चित्र कुठल्या स्कॅनवरून केलं, आणि तो स्कॅन स्वच्छ आला होता का? झडपा कशात पाहिल्या? आणि चित्र पाहिल्यावर बेतात काय बदललं? तिसऱ्याचं उत्तर ‘काहीच नाही, आधी ठरवलं होतं तेच पक्कं झालं’ असं आलं, तर तेही चांगलंच उत्तर आहे.